जुना फोटो आणि तीन तारखा

स्मरणिकेला मुखपृष्ठ हवं असतं, लेखाला चित्र हवं असतं, माहितीपटाला चार सेकंदांचं दृश्य हवं असतं, आणि "फोटो जुनाय, चालतंय" हा निकाल आधीच लागलेला असतो. 'जुना' म्हणजे किती, हे कॉपीराइटचा कायदा सांगत नाही. तो तारखा विचारतो. फोटो कधी काढला, पहिल्यांदा प्रसिद्ध कधी झाला आणि काढणारा कधी वारला. या तिनांतली कोणती तारीख धरायची हे देशावर आणि काळावर अवलंबून असतं. म्हणूनच उलटे वाटणारे निकाल लागतात. १९२५ साली पॅरिसमधल्या एखाद्या तरुण छायाचित्रकाराने काढलेला फोटो घ्या. तो माणूस १९८० साली वारला असेल तर फ्रान्समध्ये त्या फोटोवर २०५० संपेपर्यंत हक्क राहतो. आणि भारतात १९५६ साली काढलेला फोटो भारतापुरता कधीच मोकळा, म्हणजे कुणालाही विनापरवानगी वापरता येईल असा, झालेला असतो.

भारतातली मोजणी आधी बघू. इथे फोटोंचे सरळ दोन काळ पडतात आणि सीमारेषा आहे २१ जानेवारी १९५८. त्या दिवशी १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू झाला. त्याआधी १९११ चा ब्रिटिश कायदा १९१४ च्या भारतीय कायद्यामार्फत चालत होता आणि फोटोपुरता त्याचा नियम फार सुटसुटीत होता: मूळ निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षं. छायाचित्रकार किती जगला किंवा फोटो कधी छापला याच्याशी त्या नियमाला देणंघेणं नव्हतं. १९५७ च्या कायद्याने कलम ७९ मध्ये दोन गोष्टी सांगितल्या. संपलेले हक्क पुन्हा जिवंत होणार नाहीत, आणि चालू असलेले हक्क जुन्या कायद्याने जितके चालले असते तितके चालतील. हिशोब मांडला तर सीमारेषेच्या आदल्या दिवशी काढलेल्या फोटोची मुदतसुद्धा जानेवारी २००८ मध्ये संपते. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रांच्या ऑनलाइन संग्रहात अशा फोटोंसाठी हक्काच्या नोंदीचा वेगळा साचाच आहे, तो याच वाचनावर उभा आहे.

१९५८ नंतरचं प्रकरण जरा किचकट आहे. नव्या कायद्याच्या कलम २५ ने फोटोची मुदत प्रसिद्धीपासून मोजायला सांगितली. आधी ५० वर्षं, मग १९९२ च्या दुरुस्तीने ६०. मोजणी प्रसिद्धीच्या पुढच्या १ जानेवारीपासून. मग २१ जून २०१२ रोजी कलम २५ च काढून टाकलं आणि फोटो चित्रं-शिल्पांच्या रांगेत जाऊन बसला. म्हणजे काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. आता अडचण बघा. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फोटोचीसुद्धा ६० वर्षं २०१८ ला भरणार होती, म्हणजे २०१२ साली नव्या कायद्याखालचा प्रत्येक फोटो हक्कात होता. अशा फोटोंना जुनी मोजणी लावायची की नवी? काही जण प्रसिद्धीपासूनच मोजतात आणि १९६० चा फोटो मोकळा धरतात. त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, पण त्याच्या भरवशावर पुस्तकाचं मुखपृष्ठ छापू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सावध मोजणी मृत्यूपासूनची.

एक उदाहरण घेतलं की फरक डोळ्यांसमोर येतो. छायाचित्रकार होमाई व्यारावाला १५ जानेवारी २०१२ रोजी गेल्या. त्यांनी १९५० साली काढलेल्या फोटोची मुदत निगेटिव्हपासूनच्या नियमाने २००० साली संपली. १९६२ सालच्या फोटोला मृत्यूपासूनचा नियम लावला तर २०७२ च्या ३१ डिसेंबरपर्यंत थांबावं लागेल. बाई एकच, फोटोंमध्ये अंतर १२ वर्षांचं आणि मुदतीत फरक ७२ वर्षांचा.

सरकारी फोटोंचं खातं वेगळं आहे. कलम २८ प्रमाणे ते प्रसिद्धीपासून ६० वर्षं सरकारचे. परदेशी फोटोला भारतात त्याच्या मूळ देशापेक्षा जास्त मुदत मिळत नाही.

मालक कोण, या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना चुकीचं माहीत असतं. कागदावरचा प्रिंट ज्याच्या कपाटात आहे त्याच्याकडे फक्त कागद असतो. लिलावात अल्बम विकत घेणाऱ्याला किंवा संग्रहालयाला छापण्याचा हक्क त्या खरेदीतून आपोआप मिळत नाही. पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती घरगुती फोटोंच्या कामाची आहे. भारतात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. हे कलम १७ मध्ये आहे आणि १९११ च्या कायद्यातही होतं. म्हणजे लग्नाच्या फोटोमागे स्टुडिओचा शिक्का असला तरी हक्क बहुधा घरच्यांचा. १९५८ नंतरच्या फोटोची मुदत मात्र छायाचित्रकाराच्या आयुष्यावरच मोजायची, कारण कायद्याच्या भाषेत 'कर्ता' तोच. मालक आणि कर्ता ही दोन वेगळी माणसं असू शकतात, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ मिटतो. ब्रिटनमध्ये हाच नियम १ ऑगस्ट १९८९ पूर्वीच्या फोटोंना लागू होता, त्यानंतर तिथे हक्क छायाचित्रकाराकडे गेला. वृत्तपत्राच्या नोकरीत काढलेल्या फोटोचा वृत्तपत्रात छापण्यापुरता हक्क भारतात मालकाकडे असतो, बाकीचा छायाचित्रकाराकडे राहतो. त्यामुळे 'वृत्तपत्राने परवानगी दिली' एवढ्यावर पुस्तक छापायला निघू नये.

आता हद्द ओलांडू. फोटो जिथे वापरला जातो तिथला कायदा लागू होतो, आणि संकेतस्थळ तर सगळीकडेच उघडतं. युरोपीय संघात सर्वसाधारणपणे मृत्यूनंतर ७० वर्षं, अज्ञात कर्त्याच्या फोटोला प्रसिद्धीपासून ७०. जर्मनीत कलात्मक फोटो आणि साधा फोटो असा भेद आहे, साध्याला ५० च वर्षं. कॅनडात १९४९ पूर्वीचे आणि ऑस्ट्रेलियात १९५५ पूर्वीचे फोटो मोकळे. हे सगळं एका कागदावर लिहून भिंतीला लावण्यासारखं आहे. अमेरिकेला मात्र अख्खी भिंत लागते.

तिथे १९७८ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या फोटोला जास्तीत जास्त ९५ वर्षं. १९३० मध्ये प्रसिद्ध झालेले फोटो १ जानेवारी २०२६ ला मोकळे झाले, पुढे दर वर्षी एकेक वर्ष सरकतं. १९६३ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी फोटोंना २८ व्या वर्षी नूतनीकरण करावं लागे. ते राहिलं की हक्क संपला, आणि ते असंख्य फोटोंचं राहिलेलं आहे. हक्काची सूचना न छापता प्रसिद्ध केलेले १९७८ पूर्वीचे फोटोही सुटले. कधीच प्रसिद्ध न झालेल्या फोटोला मृत्यूनंतर ७० वर्षं, आणि कर्ता अज्ञात असेल तर काढल्यापासून १२० वर्षं.

परदेशी फोटोंचा पेच वेगळाच. १ जानेवारी १९९६ रोजी जो फोटो आपल्या मायदेशात हक्कात होता, त्याला अमेरिकेने पूर्ण ९५ वर्षांची मुदत परत दिली, आणि मायदेशातली मुदत नंतर संपली तरी अमेरिका ती बघत नाही. भारतात १९३८ साली काढून छापलेला फोटो १९८८ लाच मोकळा झाला होता, तो दोन्हीकडे सुटला. १९५२ साली काढून त्याच वर्षी छापलेला फोटो भारतात २००२ ला मोकळा झाला, पण १९९६ च्या त्या दिवशी हक्कात होता. अमेरिकेत तो २०४७ संपेपर्यंत अडकलेला आहे. भारतात छापील पुस्तक काढणाऱ्याला याची झळ नाही. अमेरिकेतल्या सर्व्हरवर चढवणाऱ्याला आहे. कॉमन्सवरून 'भारतात मोकळे' असलेले फोटो अधूनमधून उडतात ते यामुळेच.

तारीख शोधायची कशी? अल्बममधल्या शाईच्या नोंदीवर एकदम विश्वास ठेवू नका, ती पुष्कळदा दुसऱ्या पिढीने आठवून लिहिलेली असते. आधी वस्तू बघा. दहापट मोठं दाखवणारं भिंग प्रिंटवर ठेवा. रेषेत मांडलेले बारीक ठिपके दिसले तर तो फोटो नव्हेच, ते छपाईतलं कात्रण आहे. ही वाईट बातमी वाटते, पण आपल्या कामासाठी ती सोन्यासारखी, कारण फोटो प्रसिद्ध झाल्याचा पुरावा हातात आला. कात्रण उलटा. मागच्या बातमीतून किंवा जाहिरातीतून महिना-वर्षही बऱ्याचदा निघतं. ठिपके नाहीत, सलग छटा आहेत, तर तो खरा प्रिंट.

मग कागद आणि पुठ्ठा. साधारण १०८ × १६५ मिलिमीटर पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो म्हणजे कॅबिनेट कार्ड, हा आकार १८६६ पासूनचा. पोस्टकार्डावर छापलेला फोटो असेल तर मागची बाजू महत्त्वाची. मजकूर आणि पत्ता यांच्यामध्ये उभी रेघ असलेली कार्डं ब्रिटनमध्ये १९०२ पासून आणि अमेरिकेत १९०७ पासून चालू झाली, त्याआधी ती बाजू फक्त पत्त्याची. तिकिटाच्या चौकटीभोवती 'एझो' (AZO) असं फोटो-कागदाचं नाव आणि चारही कोपऱ्यांत वर टोक असलेले त्रिकोण दिसले तर कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला. दोन त्रिकोण वर आणि दोन खाली असतील तर त्यानंतरचा. प्लास्टिकचा थर दिलेला गुळगुळीत कागद सत्तरच्या दशकात रुळला.

यातून मिळते ती प्रिंटची तारीख, आणि भारतातल्या जुन्या नियमाला हवी असते निगेटिव्हची. १९५० च्या निगेटिव्हवरून १९७५ मध्ये नव्या कागदावर प्रिंट काढला तरी मोजणी १९५० पासूनच. प्लास्टिकचा कागद पाहून फोटो नंतरचा ठरवू नका. उलट प्रकारही होतो. जुन्या प्रिंटचाच पुन्हा फोटो काढलेला असतो. कडा जरा मऊ पडलेल्या, आतल्या प्रिंटची पांढरी चौकट किंवा टाचणीची सावली चित्राचाच भाग झालेली दिसली, की समजायचं ही नक्कल आहे. मूळ त्याहून जुनं. यातली एकही खूण नेमकं वर्ष देत नाही. ती फक्त 'याच्या आधी नाही' किंवा 'याच्या नंतर नाही' एवढं सांगते. दोन्ही बाजूंनी असं कोंडत आणलं आणि उत्तर १९५८ च्या आधी बंदिस्त झालं, तर भारतापुरतं काम झालं. नेमकं वर्ष कळलंच पाहिजे असं नाही.

'छायाचित्रकार अज्ञात' हे लेबल फार स्वस्त झालं आहे. तुम्हाला माहीत नाही म्हणजे अज्ञात नव्हे. नेटवर फिरणाऱ्या फोटोचा खालचा पांढरा पट्टा कुणीतरी कापलेला असतो आणि नाव त्याच पट्ट्यावर असतं. गूगल लेन्स किंवा टिनआय या चित्रावरून चित्र शोधणाऱ्या साधनांवर शोध घ्या, टिनआयवर सगळ्यात जुनी नोंद आधी दाखवायची सोय आहे. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी कापलेली प्रत शोधा. श्रेय बहुधा तिच्यावरच सापडतं.

स्कॅन करणाऱ्याचा हक्क, हा आणखी एक लाडका गैरसमज. मोकळ्या फोटोची हुबेहूब प्रत काढणाऱ्याला नवा कॉपीराइट मिळत नाही. अमेरिकेत १९९९ च्या ब्रिजमन विरुद्ध कोरेल निकालाने हे ठरलं. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाच्या कलम १४ मध्ये मोकळ्या दृश्यकृतींच्या प्रतींबद्दल तेच लिहिलं. भारतात ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या कष्टांनी कॉपीराइट मिळत नाही, थोडी तरी सर्जकता लागते असं सांगितलं. प्रकरण निकालपत्रांच्या संपादनाचं होतं, पण तर्क स्कॅनला तंतोतंत बसतो. तेव्हा कोपऱ्यात पाणचिन्ह ठोकल्याने कुणी मालक होत नाही. मात्र संस्थेच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवताना मान्य केलेल्या अटी हा वेगळा करार असतो. तो मोडला तर भांडण कॉपीराइटचं नाही, कराराचं. शक्य असेल तर तोच फोटो दुसऱ्या स्रोतातून घ्या. आणि कुणी रंग भरलेली आवृत्ती उचलू नका. रंगांच्या निवडीवर त्याचा हक्क असू शकतो, मूळ कृष्णधवल घ्या.

पैसे मागणारा मालकच असतो असंही नाही. कॅरल हायस्मिथ यांनी आपले हजारो फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला सर्वांसाठी देऊन टाकले होते. पुढे त्यांच्याच संकेतस्थळावरच्या त्यांच्याच फोटोसाठी एका एजन्सीच्या वतीने १२० डॉलर मागणारं पत्र त्यांना आलं.

आता 'फेअर यूज'. हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण ती अमेरिकेची चीज आहे. तिथे न्यायालय चार गोष्टी तोलतं: वापराचा हेतू, मूळ कृतीचा प्रकार, किती भाग घेतला आणि मूळच्या बाजाराला किती धक्का बसला. उत्तर आधी कळत नाही, खटल्यानंतर कळतं. २००६ मध्ये एका संगीतसमूहाच्या सचित्र इतिहासात जुनी पोस्टरं अगदी छोट्या आकारात कालरेषेवर छापली होती, ते न्याय्य ठरलं, कारण चित्र इतिहास सांगायला आलं होतं, भिंत सजवायला नव्हे. २०२३ मध्ये चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्या प्रकरणात काटा उलटीकडे झुकला. लिन गोल्डस्मिथ यांच्या १९८१ च्या फोटोवरून वॉरहॉल यांनी केलेलं गायक प्रिन्सचं चित्र मासिकाला परवान्याने दिलं, म्हणजे मूळ फोटो ज्या कामासाठी विकला जातो त्याच कामासाठी, असं सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी धरलं. मी यातून एकच चाचणी काढतो. लेखातून फोटो काढून टाकला तर युक्तिवाद लंगडा पडतो का? पडत असेल तर बाजू मजबूत. नुसता लेख बोडका दिसत असेल तर परवाना घ्या.

भारतात आहे ते 'फेअर डीलिंग', आणि त्याचे दरवाजे मोजके: खाजगी वापर व संशोधन, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. वर्गात शिकवताना वापरायची वेगळी सवलत आहे. 'आम्ही नफा कमवत नाही' हा दरवाजा यादीत नाही. 'श्रेय दिलं आहे' हाही नाही. श्रद्धांजलीच्या पोस्टला, वाढदिवसाच्या फलकाला किंवा दिनविशेषाला या सवलतींचं कलम ५२ वाचवत नाही. ब्रिटनमध्ये तर वार्तांकनाच्या सवलतीतून फोटो मुद्दाम वगळले आहेत. समीक्षेच्या दरवाजातून जायचं तर मजकुरात त्या फोटोबद्दल खरोखर काही बोललेलं हवं: चौकट, प्रकाश, कोण कापलं गेलं, कुठे आणि का छापला गेला. फोटोतून उतारा घेता येत नाही, तो सगळाच घ्यावा लागतो, म्हणून आकार हाच संयम. इंग्रजी विकिपीडिया बिगरमुक्त चित्रांना सुमारे १ लाख पिक्सेलची मर्यादा सुचवतो, म्हणजे साधारण ३६० × २७०. पडद्यावर वाचायला पुरतं, छापायला पुरत नाही.

परवानगी मागताना "फोटो वापरू का?" "हो, वापरा" एवढ्या निरोपावर थांबू नका. कोणता फोटो, कुठे, किती प्रती, छापील की डिजिटल, भाषांतरित आवृत्तीत चालेल का, किती वर्षं, हे सगळं लेखी घ्या. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. सहाव्या वर्षी दुसरी आवृत्ती काढणारे इथे हमखास अडकतात. वारस अनेक असतील तर सही करणारा बाकीच्यांच्या वतीने करतो आहे का, तेही त्याच कागदावर हवं.

मालक सापडतच नसेल तर कलम ३१अ आहे. इंग्रजी दैनिकात प्रस्ताव जाहीर करायचा आणि सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. एका फोटोसाठी हा खटाटोप क्वचितच परवडतो. प्रत्यक्षात लोक दुसरा फोटो शोधतात, आणि बहुतेक वेळा तेच शहाणपणाचं असतं.

संग्रहांच्या लेबलांचेही अर्थ वेगवेगळे आहेत. फ्लिकर कॉमन्स या संस्थांच्या जुन्या फोटोंच्या संकेतस्थळावरचं 'ज्ञात हक्कबंधन नाही' म्हणजे संस्थेला काही आढळलं नाही, हमी नव्हे. सीसी झीरो (क्रिएटिव्ह कॉमन्सचं CC0 हे लेबल) म्हणजे हक्कधारकाने स्वतः हक्क सोडले, ते लावणारा खरंच हक्कधारक आहे का ते तपासा. पब्लिक डोमेन मार्क म्हणजे मुदत संपल्याचा कुणाचा तरी दावा. कोणत्या देशात संपली ते तो चिन्हातून सांगत नाही.

शेवटी प्रत्येक फोटोमागे एक छोटी नोंद ठेवा. पुढची-मागची बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन करून, प्रत कुठून आणि कोणत्या तारखेला घेतली, काढल्याचं वर्ष कशावरून ठरवलं, कोणत्या देशाचा कोणता नियम धरला. नमुना असा: "प्रिंट, मागे हस्ताक्षरात १९४९. फोटोतल्या इमारतीचा वरचा मजला १९५३ चा, इथे तो दिसत नाही, म्हणून १९५३ पूर्वीचा. भारतात निगेटिव्हपासून ५० वर्षं, २००३ पूर्वी मुदत पूर्ण. अमेरिकेत खात्री नाही, तिथल्या सर्व्हरवर चढवू नये." तीन वर्षांनी नोटीस आली तर उत्तर लिहायला दहा मिनिटं लागतील.